रौप्यरंजन आणि स्मृतीचे सांधे

इटलीच्या लोम्बार्डी प्रांतात मिलान शहराजवळ आब्बियातेग्रासो नावाचे एक लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे असाध्य रोग्यांसाठी चालविलेला एक धर्मादाय आश्रम होता, आणि १८७२ साली त्या आश्रमाच्या मुख्य वैद्याच्या जागेवर कामिल्लो गोल्जी हा तिशीच्या आतला तरुण रुजू झाला. पाव्हियाच्या विद्यापीठातील संशोधनाचे वातावरण सोडून, जेथे माणसे बरी होण्यासाठी नव्हे तर उरलेले दिवस कंठण्यासाठी येत अशा ठिकाणी जाणे त्याच्या स्वतःच्या ओढीचे नव्हते. परंतु मुलाने स्थिर वेतनाची नोकरी धरावी हा वडिलांचा आग्रह होता आणि तो त्याने मानला. संशोधनाची साधने तेथे जवळजवळ नव्हतीच. एका स्वयंपाकघरालाच प्रयोगशाळेचे रूप देऊन, दिवसाची रुग्णसेवा आटोपल्यावर, रात्री मेणबत्तीच्या उजेडात सूक्ष्मदर्शकापुढे बसणारा हा तरुण मेंदूचे तुकडे निरनिराळ्या क्षारांत बुडवून पाहत असे. आणि १८७३ साली त्याने एका लहानशा निबंधात जाहीर केले की, पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये घट्ट केलेला मेंदूचा तुकडा पुढे सिल्व्हर नायट्रेटच्या, म्हणजे रुप्याच्या क्षाराच्या, द्रावणात ठेवला असता काही चेतापेशी आपल्या साऱ्या फांद्या-उपफांद्यांसह पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्याभोर उमटतात.

या शोधाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी त्यापूर्वीची अडचण समजून घेतली पाहिजे. मेंदूतील चेतापेशी परस्परांत इतक्या दाटीने गुंतलेल्या असतात की, त्या सर्वच रंगल्या तर एक अभेद्य काळोख तेवढा दिसेल, आणि एकही रंगली नाही तर काहीच दिसणार नाही. गोल्जी यांच्या रौप्यरंजनाचा गुण असा की, शंभरांतील चारदोन पेशीच त्यात रंग घेतात. पण ज्या घेतात त्या अगदी शेवटच्या तंतूच्या टोकापर्यंत घेतात. गर्द रानातली बाकीची झाडे अदृश्य होऊन एखादाच वृक्ष मुळापासून शेंड्यापर्यंत समोर उभा राहावा, तसे हे दृश्य असते. कोणती पेशी रंग घेईल आणि कोणती घेणार नाही याचा नियम मात्र आजतागायत पुरता उलगडलेला नाही. एका असाध्य रोग्यांच्या आश्रमात जन्मलेल्या या कारागिरीनेच पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी, वार्धक्य आणि मनावरचा ताण स्मृतीचे नेमके काय करतात, या प्रश्नावर सर्वांत विश्वसनीय साक्ष दिली. त्या साक्षीचा इतिहास सांगावा म्हणून हा लेख.

रौप्यरंजनाला खरा कसबी हात लाभला तो स्पेनमध्ये. सान्तियागो रामोन इ काहाल हे शरीरशास्त्राच्या एका अध्यापकाचे चित्रकलेत रमणारे चिरंजीव. १८८७ साली माद्रिदमध्ये लुईस सिमारो या वैद्याच्या घरी त्यांनी गोल्जी-पद्धतीने रंगविलेले मेंदूचे काप प्रथम पाहिले आणि त्या क्षणापासून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. इटलीबाहेर ही पद्धत चौदा वर्षे जवळजवळ उपेक्षितच पडून होती, कारण ती लहरी होती. एकदा उत्तम साधली तरी दुसऱ्या वेळी साधेलच अशी खात्री नसे. काहाल यांनी दोन सुधारणा केल्या. रंजनाची क्रिया त्यांनी दुहेरी केली, आणि प्रौढ प्राण्यांऐवजी अर्भकांच्या व अंड्यातील पिलांच्या मेंदूंकडे ते वळले, कारण तेथे तंतू आखूड असतात आणि त्यांच्यावर मेदाचे आवरण अद्याप चढलेले नसते. बार्सेलोना येथे प्राध्यापक असताना १८८८ साली त्यांनी स्वखर्चाने एक नियतकालिक काढले, त्याच्या अवघ्या साठ प्रती छापल्या आणि त्या युरोपातील नामांकित शरीरशास्त्रज्ञांना पाठवून दिल्या. स्पॅनिश भाषेतील ते लेखन कोणी वाचीना, तेव्हा पुढल्या वर्षी आपले काप पेटीत घालून ते स्वतः बर्लिनच्या परिषदेला गेले आणि तेथे वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांना हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन गेले असे म्हणतात. कोलिकर यांनी पाहिले, मानले, आणि काहाल यांचे नाव युरोपभर झाले.

काहाल यांच्या कापांत दिसले ते असे : चेतापेशी एकसंध जाळ्यात विरघळलेल्या नसून प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, तिचा अक्षतंतू दुसऱ्या पेशीच्या शाखांजवळ येऊन थांबतो, आणि त्या शाखांवर बारीक बारीक काटे असतात. गोल्जी यांना हे अखेरपर्यंत मान्य झाले नाही. १९०६ साली दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले तेव्हा गोल्जी यांनी आपल्या भाषणात काहाल यांच्या सिद्धांताचाच प्रतिवाद केला. आपल्याच हातच्या रंगाने सिद्ध झालेले सत्य नाकारणाऱ्या या थोर पुरुषाविषयी मला मनात आदरच वाटतो, कारण जे दिसले त्याचा अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. दोन पेशींमधील ती सूक्ष्म फट प्रत्यक्ष दिसली ती १९५०नंतरच्या काही वर्षांत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. तोवर दोघेही दिवंगत झालेले होते. त्या सांध्याला नाव मात्र १८९७ सालीच इंग्लंडमध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी दिले होते. आपण त्याला चेतासंधी म्हणतो.

१८९४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देताना काहाल यांनी एक कल्पना मांडली, आणि स्मृतीच्या साऱ्या आधुनिक शास्त्राचे बीज तीत आहे असे मला वाटते. प्रौढपणी मेंदूत नव्या पेशींची भर पडत नाही हे गृहीत धरूनही अभ्यासाने बुद्धी वाढते हे उघड आहे. तर मग वाढत असले पाहिजेत ते पेशींमधील संबंध, त्यांच्या शाखा आणि त्यांचे सांधे, असे त्यांचे अनुमान होते. परंतु याच काहाल यांनी, पुढे चेतासंस्थेच्या ऱ्हासावर आणि पुनरुत्पत्तीवर लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात, प्रौढ मेंदूतील मार्ग ठरून गेलेले आणि अपरिवर्तनीय असतात असा कठोर निर्णयही दिला. एकाच पुरुषाच्या लेखनातील आशा आणि निराशा अशा शेजारी शेजारी राहिल्या. आणि दुर्दैवाने पुढच्या दोन पिढ्यांनी उचलली ती निराशा.

त्या निराशेला लोकमताचाही पाठिंबा होता. ‘साठी बुद्धी नाठी’ ही आपल्याकडची म्हण प्रसिद्धच आहे. माणूस वृद्ध झाला की त्याच्या मेंदूतील पेशी रोज मरत जातात, आणि विसराळूपणा हा त्या मरणाचा रोजखर्च आहे, असे शास्त्रज्ञही मानीत. १९५५ साली अमेरिकेतील हॅरोल्ड ब्रॉडी यांनी मानवी मेंदूच्या बाह्यकातील पेशी निरनिराळ्या वयांत मोजल्या आणि वृद्धपणी त्या लक्षणीय प्रमाणात कमी होतात असे नोंदविले. ही नोंद पाठ्यपुस्तकांत शिरली, आणि तिच्या आधाराने वार्धक्य म्हणजे अपरिहार्य दिवाळखोरी ही समजूत पक्की झाली.

या खानेसुमारीत दोष कोठे होता हे कळायला तीस वर्षे लागली. मेंदू टिकविण्यासाठी जी रसायने वापरतात त्यांत तो आकसतो. आणि पुढे असे दिसून आले की, तरुण मेंदू वृद्ध मेंदूपेक्षा अधिक आकसतो. साहजिकच तरुण मेंदूच्या कापात पेशी दाट दिसतात आणि वृद्धाच्या कापात विरळ, जरी मुळात संख्या सारखी असली तरी. शिवाय मोठी पेशी एकाहून अधिक कापांत सापडते आणि दोनदा मोजली जाते. १९८४ साली डेन्मार्कमधील हान्स गुंडरसेन यांच्या वर्तुळातून, तीही एका टोपणनावाने, मोजणीची अशी एक रीत प्रसिद्ध झाली की, जीत पेशीचा आकार कितीही असो, ती एकदाच मोजली जाते. या रीतीने पुन्हा मोजदाद सुरू झाली. १९९७ साली बेंते पाकेनबर्ग आणि गुंडरसेन यांनी ९४ मेंदूंच्या अभ्यासावरून दाखविले की, विसाव्या वर्षापासून नव्वदाव्या वर्षापर्यंत मानवी नवबाह्यकातील पेशींची घट एक-दशांशाच्या आसपास असते. त्याच्या आदल्याच वर्षी पीटर रॅप आणि मायकेला गॅलाघर यांनी उंदरांमध्ये त्याहूनही महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली होती : जे वृद्ध उंदीर जागा लक्षात ठेवण्यात सपशेल मागे पडत, त्यांच्याही हिप्पोकॅम्पसमध्ये पेशींची संख्या तरुणांइतकीच होती.

हिप्पोकॅम्पसविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. कानशिलाच्या आतल्या बाजूस, मेंदूच्या खोल भागात असलेली ही वळणदार रचना. १५८७ साली बोलोन्याच्या अरांझी यांनी तिला समुद्रघोड्याचे नाव दिले. तिचे कार्य काय याचा सुगावा लागला तो एका शोकांतिकेतून. १९५३ साली अमेरिकेत अपस्माराच्या झटक्यांनी जर्जर झालेल्या एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकण्यात आला; झटके कमी झाले, परंतु त्यानंतर घडलेली कोणतीही नवी गोष्ट त्याच्या स्मरणात टिकेना. विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी १९५७ साली हा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हापासून स्मृतीच्या अभ्यासकांचे डोळे याच ठिकाणी खिळले. पुढे ऑस्लो येथे पेर आंडरसेन यांच्या प्रयोगशाळेत १९६६ साली तेर्ये ल्योमो यांना सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये असे आढळले की, एखाद्या मार्गावरून विजेच्या स्पंदनांची जलद मालिका पाठविली, तर त्यानंतर तो मार्ग त्याच इशाऱ्याला अधिक जोरकस उत्तर देऊ लागतो. इंग्लंडहून आलेल्या टिम ब्लिस यांच्यासह त्यांनी १९७३ साली या घटनेचे सविस्तर वर्णन केले, आणि त्या वर्णनानुसार हा जोर अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत टिकत होता. काहाल यांनी १८९४ साली जे केवळ अनुमानाने सांगितले, आणि मॉन्ट्रियलच्या डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली नियमाच्या रूपात मांडले, त्याचा हा पहिला भरभक्कम पुरावा होता.

आता प्रश्न स्पष्ट झाला : वृद्धपणी पेशी शाबूत असतील तर बिघडते काय? कॅरोल बार्न्स यांनी १९७९ साली त्याचे पहिले उत्तर दिले. गोल चबुतऱ्याच्या कडेला भोके, त्यांपैकी एकाखाली अंधारी सुरक्षित जागा, आणि ती कोठे आहे हे उंदराने लक्षात ठेवायचे, अशी त्यांची परीक्षा होती. वृद्ध उंदीर या परीक्षेत कमी पडत. आणि त्यांच्याच मेंदूत विजेने बळकट केलेले सांधे तरुणांपेक्षा लवकर पूर्वस्थितीवर येत. सांधा बळकट होण्याची शक्ती गेलेली नव्हती, ती टिकत नव्हती. युरी गिनिस्मन यांनी १९८६ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले की, ज्या वृद्ध उंदरांची स्मृती ढासळलेली असते त्यांच्यात चेतासंधीचा एक विशिष्ट प्रकार कमी झालेला असतो. घर उभे होते, खांब उभे होते; झीज सांध्यांत होती.

ताणाची कथा वेगळ्या वाटेने येऊन या कथेला मिळते. व्हिएन्नात जन्मलेले हान्स सेली मॉन्ट्रियल येथे एका नव्या संप्रेरकाच्या शोधात उंदरांना निरनिराळे अर्क टोचीत होते; उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, जठरात व्रण पडले, आणि सेली यांना वाटले की संप्रेरक सापडले. पण थंडी, जखम, विष, काहीही दिले तरी परिणाम तोच होऊ लागला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, हा कोणत्याही एका पदार्थाचा नव्हे तर शरीरावर आलेल्या ताणाचाच ठसा आहे. १९३६ साली त्यांनी हे एका छोटेखानी पत्ररूपाने प्रसिद्ध केले. मेंदूशी त्याचा संबंध जोडला गेला तो १९६८ साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात; ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणाच्या काळात अधिवृक्क ग्रंथीतून पाझरणारे संप्रेरक किरणोत्सारी करून उंदरांना टोचले आणि ते मेंदूत कोठे जाऊन साठते हे पाहिले. ते साठत होते हिप्पोकॅम्पसमध्ये. ज्या ठिकाणी स्मृती घडते त्याच ठिकाणी ताणाच्या संदेशाला कान देणाऱ्या पेशी असाव्यात, हा योगायोग नव्हे हे सर्वांना जाणवले.

यापुढची काही वर्षे मोठी भीतीची होती. फिलिप लँडफील्ड यांनी १९७८ साली दाखविले की, ज्या उंदरांच्या रक्तात हे संप्रेरक अधिक, त्यांच्या मेंदूत वार्धक्याच्या खुणाही अधिक. १९८६ साली रॉबर्ट सापोल्स्की, लुईस क्रे आणि मॅकइवेन यांनी एक दुष्टचक्र कल्पिले : हिप्पोकॅम्पस हा संप्रेरकाचा स्राव आवरून धरतो, संप्रेरकाच्या माऱ्याने तो झिजला की बंदोबस्त ढिला पडतो, स्राव वाढतो आणि झीज आणखी होते. ही कल्पना तर्कशुद्ध होती. आणि तिच्यामुळे पुन्हा एकदा असे वाटू लागले की वार्धक्य आणि ताण मिळून पेशींना मारूनच टाकतात.

येथे रौप्यरंजन पुन्हा पुढे आले. मॅकइवेन यांच्याच प्रयोगशाळेत योशिफुमी वातानाबे आणि एलिझाबेथ गूल्ड यांनी तरुण उंदरांना रोज सहा तास याप्रमाणे एकवीस दिवस जाळीत जखडून ठेवले आणि मग त्यांचे मेंदू गोल्जी यांच्या त्याच जुन्या काळ्या रंगात रंगविले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तपशिलात असे दिसते की, हिप्पोकॅम्पसच्या एका विशिष्ट पट्ट्यातील पेशी मेल्या नव्हत्या. त्यांच्या वरच्या बाजूच्या शाखा आखूड झाल्या होत्या आणि त्यांचे फाटे कमी झाले होते. आणि ताण थांबविल्यावर त्या शाखा पुन्हा वाढत, हेही पुढे निश्चित झाले. ज्या कामासाठी अत्याधुनिक यंत्रे हाताशी होती तेथे एकशेवीस वर्षांपूर्वीचा एक क्षार निर्णायक ठरला, कारण एकेका पेशीचा पुरता आकार तितक्या निःशंकपणे दुसरे काही दाखवीत नव्हते. या कामाची किंमत मुक्या जनावरांनी मोजली आहे हे विसरता येत नाही, आणि विसरूही नये.

बंगळूरच्या संशोधकांनी या कसबात घातलेली भर आपल्याला अभिमानाची आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत टी. आर. राजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दीर्घकाळ जखडलेल्या उंदरांच्या शाखांवरील काट्यांची काटेकोर मोजणी प्रसिद्ध केली होती. पुढे २००२ साली सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रौप्यरंजनानेच एक अनपेक्षित गोष्ट दाखविली : ज्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधील शाखा आकसतात, त्याच ताणाने भीतीचे केंद्र जो अमिग्डाला, त्यातील शाखा वाढतात, आणि दोन वर्षांनी त्यांनी आणखी सांगितले की, ताणमुक्त एकवीस दिवसांनंतरही अमिग्डालातील ही वाढ ओसरत नाही. मनुष्य दुःखाचे तपशील विसरतो आणि भय मात्र बाळगून राहतो, या आपल्या नित्याच्या अनुभवाचा हा पुरता उलगडा नव्हे, पण त्याच्या जवळ जाणारा आहे.

ताण म्हणजे केवळ कष्ट नव्हे, हेही याच काळात कळले. ताणाने हिप्पोकॅम्पसमधील सांधे बळकट होण्याची क्रिया दुबळी होते हे १९८७ साली रिचर्ड थॉम्पसन यांच्या गटाने दाखविले होते. त्याच गटात ट्रेसी शोर्स यांनी १९८९ साली दोन प्रकारच्या उंदरांची तुलना केली. दोघांना विजेचे धक्के सारखेच मिळत; फरक इतकाच की, एकाला आपल्या कृतीने ते थांबविता येत, दुसऱ्याला येत नसत. सांध्यांची हानी मुख्यतः दुसऱ्याची झाली. धक्का तोच, पण असहायता वेगळी. हा प्रयोग मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलका वाटतो.

वार्धक्य आणि ताण यांची गाठ खऱ्या अर्थाने घातली ती २०१० साली. एरिक ब्लॉस, जॉन मॉरिसन, मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेळी रुप्याऐवजी एकेका पेशीत प्रकाशमान रंग भरून, मेंदूच्या पुढच्या भागातील शाखा तपासल्या. ताणानंतर त्या शाखा तरुण उंदरांत आखडल्या आणि विश्रांतीनंतर पूर्ववत झाल्या. मध्यमवयीन आणि वृद्ध उंदरांत आखडल्या, पण पूर्ववत झाल्या नाहीत. म्हणजे वार्धक्य जे हिरावून घेते ते पेशींचे धन नव्हे. ताणातून परत येण्याची शाखांची क्षमता ते हिरावून घेते. माणसांतही याच्याशी जुळणारे दाखले मिळतात. मॉन्ट्रियल येथे सोनिया ल्युपियन यांनी ज्या वृद्धांचे कॉर्टिसॉल, म्हणजे माणसातील ताणाचे संप्रेरक, वर्षानुवर्षे वाढत गेले त्यांचा हिप्पोकॅम्पस इतर वृद्धांच्या मानाने १४ टक्क्यांनी लहान असल्याचे १९९८ साली नोंदविले.

परंतु ही क्षमता हरपते म्हणजे ती पूर्णपणे लोपते असे नाही. कर्क एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली १२० वृद्ध स्त्रीपुरुषांचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्यांनी आठवड्यातून तीन दिवस नियमाने भरभर चालण्याचा व्यायाम केला, आणि उरलेल्यांनी तेवढाच वेळ अंग ताणण्याचे हलके प्रकार केले. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता, आणि दुसऱ्या गटाचा, वयाच्या नेहमीच्या हिशेबाप्रमाणे, किंचित घटला होता.